मृगाचा ताण

शालिकरामला काही सांगायचं झालं की पंचफुलाला आधी सासूला सांगावं लागे. सासू घरात नसली तर गायीला, आणि गाय रानात गेलेली असली तर सरळ भिंतीला. शालिकराम तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे भासरा. भासऱ्याशी सुनेनं तोंडावर बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे बोरगोंदीत कुणी कुणाला शिकवत नसे. लग्न होऊन आलेली पोरगी पहिल्या आठवड्यातच ते शिकून जाई. शालिकराम नागपुरात रेल्वेत होता, दिवाळीला आणि पोळ्याला तेवढा यायचा, तोवर या रीतीचा पंचफुलाला काही जाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो रिटायर होऊन गावात आला. बायकोनं तिथल्या नंदनवन वस्तीतलं नळाचं घर आणि लेकाचा संसार सोडून यायला साफ नकार दिला, म्हणून एकटाच आला. तेव्हापासून दोन्ही वेळच्या जेवणाला तो समोर होता आणि पंचफुलाच्या पोटात न बोललेलं साचत चाललं होतं.

"आत्याबाई," ती चुलीपुढून सासूला म्हणाली, "त्याईले सांगा, का पाण्याचा दांड काल अजून दोन जागी फुटला. मोटार चालू कराच्या आधी मातीनं लिंपून घ्या म्हणा."

जिजाबाईला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि पंचफुला नेमकी उजवीकडे बसली होती.

"शाल्या, मोटार फुटली म्हणते हे."

"मोटार कायले फुटीन?" शालिकराम भाकरी मोडत म्हणाला. "नवी मोटार आहे आई. तिले म्हणा, तू सैपाकाचं पाहा."

दोघांच्या मधे चार हातांचं अंतर नव्हतं. पंचफुलानं तव्यावरची भाकरी उलटली, ती नेहमीपेक्षा जरा जोरातच उलटली.

बोरगोंदी काटोलच्या रस्त्याला आहे. विहिरीला लागून संत्र्याची दोनशे झाडं, ती धाकट्या रुपरावच्या ताब्यात. बागेच्या पलीकडे दीड एकर वांगी आणि भेंडी, ती शालिकरामची. सातबारा एक, विहीर एक, मोटार एक. विहिरीचं पाणी शालिकरामच्या भाजीकडे नेणारा मातीचा पाट, म्हणजे दांड, बागेच्या कडेकडेनं जायचा आणि सगळं दुःख त्या दांडात होतं. कारण भाजीला उन्हाळाभर पाणी पाहिजे, आणि बागेला नेमकं तेव्हाच एक थेंब नको.

हे शहरातल्या माणसाला खोटं वाटतं. शालिकरामलाही वाटायचं, चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस तो. मृगाचा बहार घ्यायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. एप्रिलच्या शेवटी पाणी तोडायचं, आळी उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं, आणि चाळीस-बेचाळीस दिवस झाडाकडे पाहत बसायचं. पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. मग मृगाचा पाऊस पडला की तेच झाड फुलांनी पांढरं होतं. पण मधे एकदा जरी पोटभर पाणी लागलं तर ताण तुटला. झाड सुस्तावतं आणि फुलाच्या जागी नुसती नवती काढतं, कोवळी हिरवी पालवी, खाता येत नाही की विकता येत नाही.

गेली दोन वर्षं बहार हुकला होता. पहिल्या वर्षी मे महिन्यातच अवकाळी पाऊस झोडपून गेला. दुसऱ्या वर्षी दांड फुटला आणि अर्ध्या बागेत पाणी शिरलं. म्हणून यंदाच्या संक्रांतीच्या दिवशी तिळाचा लाडू हातात धरूनच शालिकराम आईसमोर बोलला होता, "दोन साल झाले, झाडाले एक फळ नाही. यंदा मृग नाही धरला, तं बाग तोडाची. सगळी भाजी लावू. मंजूर काय, रुपराव?"

घरात थोरल्याचा शब्द. रुपरावनं खाली पाहून "मंजूर" म्हटलं. दाराआड उभ्या पंचफुलाला कुणी विचारलं नाही. ती लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात ही झाडं लागली होती, हातभर उंचीची. पहिले दोन उन्हाळे तिनं नाल्यावरून डोक्यावर घागरी वाहून ती जगवली, पोटात पोरगी असतानासुद्धा; ती पोरगी आता आजोळी राहून शिकत होती. पण मंजूर आहे काय, हे विचारायचं ते रुपरावला.

तर यंदाचा ताण म्हणजे बागेचा शेवटचा ताण होता. धरला तर झाडं राहणार, नाही तर धोंडबा लाकूडवाला येणार.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी आनंदराव आला. बौद्धवाड्यातला, कलमं बांधण्यात पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नाही. या दोनशे झाडांचे डोळे त्यानंच बांधलेले. त्यानं एका आळ्यात खुरप्यानं हातभर माती उकरली, मुठीत दाबली, हुंगली. मग पानं बोटात धरून पाहिली.

"मस्त बसला ताण," तो म्हणाला. "बारा-तेरा दिवस अजून काढा भाऊ. आता पाण्यापासून जपा, बस्स."

"तेच तं करून राहिलो ना गा," रुपराव म्हणाला. "रात्रंदिवस तेच."

"अन् तुमी सावलीत बसा जरासे. तोंड पाहा, काळं पडलं."

त्याच दिवसापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापाचे नऊ दिवस, लागला होता. लाईट यायची दुपारी बारा ते चार, म्हणजे मोटार चालायची तीही ऐन आगीत. मोटार चालू असली की दांडावर माणूस पाहिजे, कुठं पाझरलं की लगेच चिकणमाती लिंपायला. शालिकराम हे काम करत नसे. दांड फुटला तर त्याचं पाणी बागेत जातं, म्हणजे नुकसान त्याचं, आणि तो सहन करतोय, असा त्याचा हिशेब. तो आंब्याखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन ट्रान्झिस्टर ऐकत बसे आणि वांग्यात पाणी कमी आलं की ओरडे, "रुपराव, कुठं गेलं गा माझं पाणी?"

पंचफुला नाल्यातून टोपल्यानं चिकणमाती आणी आणि रुपराव गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती दांडाच्या कडेला दाबी. वर वारा असा गरम की डोळे मिटावे लागत. मातीत हात घातला की बोटांना तेवढा थंडावा, म्हणून तो हात उशिरा काढायचा. कोपरापर्यंत माती वाळून भेगा पडत आणि हात हलवला की केस ओढले जात.

"चला, जेवून घ्या," पंचफुला तिसाव्या दिवशी दुपारी दोनला म्हणाली.

"त्या बाभळीपाशी पाझरून राहिलं."

"मी लिंपतो. तुमी जा."

"तुले नाही जमत."

सोळा वर्षं जमत होतं, पण ते जाऊ द्या. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या अंगाला घाम नव्हता. कपाळ कोरडं, डोळे लाल. तो दांडात हात घालून काहीतरी शोधत होता आणि म्हणत होता, "घागर कुठं ठेवली वं? घागर?" मग तो बसल्या जागी कलंडला, तोंड मातीत.

पंचफुलानं त्याला उताणं केलं. अंग तापल्या तव्यासारखं लागलं. आंब्याखाली शालिकराम होता, हाकेच्या अंतरावर, पण हाक कशी मारायची? नवऱ्याचा भाऊ, त्याला ती कधी काही म्हणालीच नव्हती. 'दादा' म्हणायचा तो रुपराव. नाव घ्यायचं नाही. ती नुसतीच किंचाळली, "धावा! कोणीतरी धावा!" त्या सगळ्या रानात कोणीतरी म्हणण्यासारखा तो एकच माणूस होता.

आणि तो धावला, हे मात्र खरं. एकसष्ट वर्षांचा माणूस चप्पल टाकून तापल्या ढेकळांतून धावत आला. रुपरावला त्यानं दांडातल्या पाण्यात भिजवलं, पंचा ओला करून डोक्याला गुंडाळला आणि उचलून खांद्यावर टाकलं. अर्धा मैल तसाच रस्त्यापर्यंत गेला. एसटी आली तशी मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. कंडक्टरनं मागचं सीट रिकामं करून दिलं, एका बाईनं पिशवीतला कांदा फोडून रुपरावच्या तळपायाला चोळला.

नागपूर येईपर्यंत रुपरावचं डोकं शालिकरामच्या मांडीवर होतं आणि तो बरळत होता. "पाणी... बागेत पाणी... दादा, पाणी... झाडाले..." पंचफुला पायाशी बसली होती. तिला कळत होतं तो काय म्हणतोय. दांड फुटला, पाणी बागेत चाललं, धावा, असं म्हणतोय. तीस दिवस तो झोपेतही तेच म्हणत होता. शालिकरामनं मात्र पंच्यानं डोळे पुसले.

रामदासपेठेत रेल्वेतल्या ओळखीच्या एका डॉक्टरचा छोटा दवाखाना होता. तिथं रुपरावला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. रात्रभर शालिकराम बाहेर बाकावर बसून राहिला. सकाळी ताप उतरला, रुपराव गाढ झोपला, तसा शालिकराम आत आला. घरी म्हातारी आणि जनावरं एकटी होती, त्याला परत जायचं होतं. पंचफुला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो खिडकीकडे पाहून बोलू लागला.

"गाडीत सारा रस्ताभर पाणी-पाणी म्हणत होता. झाडाले पाणी द्या म्हणत होता. मरता मरता माणूस खरं बोलते." त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "मी तीन साल याच्याशी भांडलो. पण आता उठला का त्याले सांगून द्याजो, भावानं ऐकलं म्हणून. आज जातो अन् बागेले पाणी देतो. माझी वांगी गेली तं गेली."

पंचफुला भिंतीकडून अर्धवट वळली. नका देऊ, एवढेच दोन शब्द. ते ओठापर्यंत आले आणि तिथं अडले, जसे सोळा वर्षं अडत आले होते. सासू नव्हती, गाय नव्हती. तेवढ्यात सलाईनची बाटली बदलायला सिस्टर आत आली. पंचफुलाला देवच पावल्यासारखं झालं.

"बाई," ती घाईनं सिस्टरला म्हणाली, "त्याईले सांगा वं, पाणी नोका देऊ म्हणा. बिलकूल नोका देऊ!"

सिस्टरनं वळून पाहिलं. "पाणी द्यायचं नाही? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पाणी देल्लं तं सारं जाईन, बाई. तीस दिवस झाले, एक थेंब नाही देल्ला."

"काय बाई अडाणीपणा हा!" सिस्टर भडकली. "तीस दिवस? अहो, लू लागलेल्या माणसाला पाणीच द्यायचं असतं. जितकं पिईल तितकं द्यायचं. तुमच्या अशा समजुतींनीच माणसं मरतात."

"त्याईले नाही वं बाई, झाडाले—"

"झाडपाल्याचं काही देऊ नका इथं!" सिस्टरनं सुई तपासली आणि शालिकरामकडे वळून म्हणाली, "तुम्ही मोठे आहात ना? समजवा यांना. पाणी, पाणी आणि पाणी."

शालिकरामनं मान डोलावली. "ऐकलं ना?" तो खिडकीला म्हणाला. "शिकलेली बाई सांगून राहिली. माणूस असो का झाड असो, तहानेल्याले पाणीच द्या लागते." आणि तो निघाला.

पंचफुला त्याच्यामागं पायऱ्यांपर्यंत धावली. तो सायकलरिक्षात बसत होता. "अवो" म्हणावं तर ते नवऱ्याला म्हणतात. "ओ भाऊ" म्हणावं तर रस्त्यावरची दहा माणसं वळून पाहतील. तिनं तोंड उघडलं, पदर दाताखाली धरला आणि रिक्षा झाडांच्या सावलीतून वळून दिसेनाशी झाली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. दुपारी सिस्टरचा राग निवळल्यावर तिनं तिच्याकडून सासूच्या नावानं पोस्टकार्ड लिहून घेतलं. ते पंचफुला आणि रुपराव गावात परतल्यानंतर तीन दिवसांनी बोरगोंदीत पोचलं, आणि पोस्टमननं ते पंचफुलाच्याच हातात दिलं.

पाचव्या दिवशी रुपरावला घेऊन ती एसटीतून उतरली तेव्हा शालिकराम बैलगाडी आणि छत्री घेऊन उभा होता. त्यानं गाडीत गादी घातली होती. रुपरावला पंचफुलानं दवाखान्यात सगळं सांगितलं होतं. तो नुसता छताकडे पाहत राहिला होता. त्याला वाटत असावं, दादा बोलतो तेवढं करत नाही.

गाडी घराकडे न जाता बागेकडे वळली.

"पाहा," शालिकराम म्हणाला. "उतर, उतर. पाहा."

आळी भरली होती. नजर जाईल तिथवर एकेक आळं भरून, मुरून, वर मातीची ओली साय धरली होती. वळलेली पानं सरळ झाली होती. शालिकरामनं दोन्ही तळहात पुढं केले. फावडं धरून धरून फोड आले होते, फुटले होते.

"दोन दिवस. लाईट होती तोवर, एक मिनिट नाही बसलो. वांगी सारी वाळली. वाळू दे म्हणलं. तू मांगितलं होतं ना गा, गाडीत."

रुपराव एका आळ्याशी वाकला, ओली माती मुठीत घेतली. पंचफुला गाडीपाशी उभी होती. आता हा ओरडेल, माती फेकून मारेल, याची ती वाट पाहत होती, आणि खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं.

"चांगलं केलं, दादा," रुपराव म्हणाला.

संध्याकाळी तिनं त्याला पेजेची वाटी दिली नाही, समोर आपटली. "चांगलं केलं काहून म्हणलं?"

"मंग काय म्हणू? त्याईनं मले खांद्यावर उचलून नेलं वं. हात पाहिले त्याईचे?"

"अन् बाग? शब्द देल्ला तुमी. आता तोडतीन ते."

"दांडातून झिरपलं असतं तं भांडलो असतो. चोरून देल्लं असतं तं डोकं फोडलं असतं. आता कोणाशी भांडू, सांग?"

"मी सांगतो त्याईले."

"तू?" रुपराव थकून हसला. "तू कशी सांगशीन?"

ते हसणं तिला फार लागलं.

मृग अकरा जूनला बरसला. दहा दिवसांत बाग अशी हिरवी झाली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहू लागली. फांदीफांदीला हातहातभर नवती, पोपटी, लुसलुशीत. सरपंच चंपतराव बैलबंडी थांबवून म्हणाले, "वा रुपराव! या साली बाग जबर आहे बापा." रुपराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसूनच मान हलवी. लू लागल्यापासून दोन तास काम केलं की त्याला भोवळ येई. बोलायचं काम शालिकराम करी. "उपाशी ठेवून होते बिचाऱ्याईले," तो ज्याला त्याला सांगे. "मी पाणी देल्लं, मंग पाहा." पंचफुला निंदण करता करता हे ऐके आणि गवतासोबत एखादं रोपही उपटून टाकी.

रोज सकाळी ती रांगेरांगेनं फिरून फांद्या वाकवून पाही. एक पांढरी कळी दिसावी. जून संपत आला तेव्हा तिला वास आला. बागेच्या वरच्या टोकाला जिथं जमीन चढती आहे, तिथं सात झाडं होती. ती सातच झाडं फुलली होती, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पांढरी. पंचफुला खाली बसून बराच वेळ त्या झाडांकडे पाहत राहिली. तिला आनंद झाला नाही. एकशे त्र्याण्णव झाडं अशीच फुलली असती, एवढंच डोक्यात घुमत राहिलं, आणि ती तिथंच हमसून हमसून रडली.

शालिकराम शब्दाचा पक्का. जुलैच्या शेवटी आठवडाभर उघाड पडली, तसा त्यानं धोंडबाला निरोप पाठवला. धोंडबा दोन माणसं, कुऱ्हाडी आणि मोठी करवत घेऊन आला. शालिकरामचा चेहरा उतरलेला होता, त्याला काही मजा येत नव्हती.

"मी एवढा जीव लावला," तो रुपरावला म्हणाला. "दोन दिवस पाणी देल्लं. पानं आले, फळ नाही. जमिनीतच दम नाही रुपराव, दुसरं काय? वाईट नोको वाटून घेऊ."

रुपराव धुऱ्यावर बसला होता. तो काडीनं चिखल उकरत होता. आनंदराव त्याच्याजवळ उभा होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं तर रुपरावनं त्याच्या धोतराचा सोगा ओढला. म्हणजे बाग जाईल, पण खांद्यावर उचलणाऱ्या भावाला बोल लागणार नाही, असं त्यानं ठरवून टाकलेलं. तीन वर्षं तो मूग गिळून बसला होता आणि आता झाडंही गिळायला निघाला होता.

पंचफुला न्याहारी घेऊन आली तेव्हा धोंडबानं पहिल्या झाडाच्या बुंध्यावरची माती पायानं बाजूला केली आणि कुऱ्हाड उचलली.

"थांबा," ती म्हणाली.

धोंडबा थांबला. तिनं टोपलं खाली ठेवलं. शालिकरामसमोर येऊन उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून. पदर डोक्यावर होता की नव्हता हे तिनं पाहिलं नाही. त्याला काय म्हणायचं हे अजूनही तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं काहीच म्हटलं नाही.

"माझ्यासंगं चला," ती म्हणाली.

शालिकराम मागं वळून पाहू लागला, ती दुसऱ्या कुणाला म्हणते की काय. मागं कुणी नव्हतं. ती चालू लागली. तो रुपरावकडे पाहत, अडखळत तिच्या मागोमाग गेला, आणि मग रुपराव आणि आनंदरावही गेले.

वरच्या टोकाला ती सात झाडं उभी होती. त्यांच्यावर नवती कमी होती, दिसायलाही ती खुरटीच. पण पानापानाआड बोराएवढी हिरवी फळं लागली होती, घोसच्या घोस. पंचफुलानं एक फांदी खाली वाकवून शालिकरामच्या डोळ्यांसमोर धरली.

"या सात झाडाईले तुमचं पाणी चढलं नाही," ती म्हणाली.

शालिकरामनं फांदीला हात लावला. एक झाड पाहिलं, दुसरं पाहिलं. सातवं पाहून झाल्यावर त्यानं मागं वळून खालच्या त्या हिरव्यागार, रिकाम्या बागेकडे पाहिलं.

"अन् बाकीच्याईले?" त्यानं विचारलं. तिलाच विचारलं.

"बाकीच्याईले तुमी जीव लावून देल्लं." तिचा आवाज फाटला. "मृग तेरा दिवसावर होता. दवाखान्यात मी बोंबलून राहिली होती, पाणी नोका देऊ, पाणी नोका देऊ. ते झाडाचं होतं. हे गाडीत बरळत होते तेही तेच, का बागेत पाणी घुसलं. पाणी द्या म्हणून कोणीच म्हणलं नव्हतं."

"मंग रुपरावनं... 'चांगलं केलं' म्हणलं होतं ना?"

"त्याईले तुमचे हात दिसले."

शालिकराम मटकन बांधावर बसला. त्यानं आपले तळहात मांडीवर उलटे ठेवून पाहिले. फोड केव्हाच बरे झाले होते. आनंदराव दुसरीकडे पाहत होता.

"मालक," धोंडबा खालून ओरडला, "कुठून लावू करवत?"

शालिकराम पंचफुलाकडे पाहू लागला. मग सगळेच पाहू लागले.

"वापस जा भाऊ," पंचफुला म्हणाली. "चहा घेऊन जा अन् वापस जा."

धोंडबा कुरकुरत करवत गुंडाळू लागला. शालिकरामनं घसा साफ केला. "मंग आता मी काय करू?" तो म्हणाला. खोटं नव्हतं त्याच्या विचारण्यात. "सांग. जे सांगशीन ते करतो."

"येत्या उन्हाळ्यात काही करू नोका," ती म्हणाली. "हात लावू नोका, पाहाले येऊ नोका. एवढंच करा."

ती टोपल्यापाशी परत आली. भाकऱ्या थंड झाल्या होत्या. पिठल्याची वाटी भरताना थोडं पिठलं मातीत सांडलं. पुढचा मृग दहा महिन्यांवर, त्याची फळं त्याच्याही पुढच्या शिमग्याला, आणि तोवर नवऱ्याच्या अंगात ताकद यायची होती. एकदा तोंडावर बोललं की पोटातलं सगळं निघून जाईल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. राग होता तेवढाच होता, झाडं तेवढी उभी राहिली.